अ‍ॅम्बेसेडर मार्क ३ : हेडलाइटचं काम कुठवर आलं

ब्रेक उरकले, आता पावसाळ्याआधी हेडलाइट. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर रात्री रोही (नीलगाय) कधी आडवा येईल नेम नाही, आणि आपली गाडी मिणमिणत चालली होती.

लक्षणं अशी: डिमवर (जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडावर) डावा दिवा लालसर, उजवा त्यातल्या त्यात बरा. शिवाय डिमवर असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या उजेडाचा) निळा दिवा अंधुक पेटलेला. आमच्या इकडच्या मिस्त्रीने तो निळा दिवा पाहूनच निकाल दिला, "बल्ब कायले बदलता भाऊ, अर्थिंग पाहा आधी."

कारण असं, की अर्थिंग म्हणजे करंटची गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतायची वाट. डाव्या बल्बला ती मिळाली नाही की डिमचा करंट त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजव्या बल्बात जातो आणि तिथून बॉडी गाठतो. निळा दिवा त्याच अप्परच्या वायरवर, म्हणून तोही थोडा पेटतो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन डाव्या बल्बच्या अर्थच्या टोकाला लावली, दिवे चालू ठेवून. जिथे शून्याच्या आसपास हवं तिथे ६ व्होल्टच्या वर. दिवे बंद ठेवून मीटरचा कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे का ते सांगणारा) बझर वाजवण्यात अर्थ नाही राजेहो; दोन-चार तारा शाबूत असल्या तरी तो वाजतो.

अर्थचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) मडगार्डच्या आतल्या बाजूला स्क्रूखाली होता. वरून ठीक दिसत होता, सोडवला तर खाली गंज आणि हिरवी बुरशी. वायरचं कव्हर सोललं तर आतलं तांबं काळं, तसंच कापत गेलो तेव्हा वीतभर मागे चकाकी सापडली. नवा थिंबल, पत्रा पॉलिश पेपरने पांढरा केला, स्टार वॉशर घातलं, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय दोन्ही हेडलाइटचे अर्थ एका वेगळ्या वायरने थेट बॅटरीच्या मायनसला नेले. जुन्या पत्र्यावर माझा भरवसा नाही.

निळा दिवा विझला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पण सारख्याच पिवळ्या! मग प्लसची बाजू मोजली. बॅटरीपासून बल्बच्या पिनेपर्यंत १.८ व्होल्ट गायब: स्विचपर्यंतच्या वायरीत ०.४, स्विचमध्ये ०.५ आणि पायाच्या डिपरमध्ये (डिम-अप्पर बदलायच्या स्विचमध्ये) तब्बल ०.९. डिपर फ्लोअरवर, काळ्या मातीचे ओले बूट वर्षानुवर्षं त्याच्यावर. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड तीसेक टक्के उतरतो, तेव्हा ४५/४० वॅटचा (अप्पर/डिम) बल्ब पिवळा दिसणारच. अशात १००/९० टाकायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागलं तर जुना स्विचच वितळेल.

म्हणून दोन रिले टाकले, डिमला एक, अप्परला एक. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, बल्बचा मोठा करंट जुन्या स्विचऐवजी त्याच्यातून जातो. जुनी हेडलाइटची वायर आता फक्त रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेवर, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्ब. माझ्या गाडीत हेडलाइटच्या वाटेत फ्यूजच नव्हता, म्हणून बॅटरीजवळच १५ अँपिअरचे दोन बसवले. डिमचा उडाला तरी अप्पर राहतो, अप्परचा उडाला तरी डिम. रिलेची तोंडं खाली, पाणी साचू नये म्हणून. आता घट ०.३ व्होल्ट. बल्ब जुनेच आहेत, उजेड मात्र पांढरा आणि लांब पडतो.

बाकी काय: डिपर उघडून कॉन्टॅक्ट घासायचे. उंदराने कुरतडलेली पार्किंगची वायर बदलायची. आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो पाहायचा, कारण फाटकाशी गाडी स्लोवर (इंजिन मंद चालू ठेवून) उभी राहिली की दिवे अजून मंदावतात. डायनॅमो स्लोवर फारसं चार्ज करतच नाही, तरी त्याचे कार्बनचे ब्रश झिजून किती उरलेत ते बघून घेतो.