जुना संगणक देण्याआधी त्याची डिस्क पुसणे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे ज्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसवता येत नाही, असे कितीतरी संगणक तेव्हापासून नागपुरातील लहान कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. धरमपेठेतील कर सल्लागार, रामदासपेठेतील दवाखाने, इतवारीतील पेढ्या आणि सिव्हिल लाइन्समधील वकिलांची कार्यालये यांच्या संगणकांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय असल्याने ही यंत्रे जाताना मला जवळून दिसतात. यंत्र जुने झाले म्हणून त्यातील माहिती जुनी होत नाही, हे मला येथे आग्रहाने सांगायचे आहे. कर सल्लागाराच्या डिस्कवर शेकडो अशिलांची पॅन कार्डे आणि बँक विवरणे असतात, दवाखान्याच्या डिस्कवर रुग्णांचे अहवाल असतात; आणि ज्यांची ती माहिती असते, त्यांना संगणक कबाड्याकडे गेल्याचे कोणी कळवतही नाही.

फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला की ती गेली, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्या फाइलची जागा आता मोकळी समजावी, एवढीच नोंद तेव्हा होते; हार्ड डिस्कवरील मूळ मजकूर, त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जसाच्या तसा राहतो. क्विक फॉरमॅटनेही नोंदींचा तक्ताच नवा होतो. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी फोटोरेक नावाचे मोफत साधन चालवून दाखवतो. ते फाइलींच्या नावांकडे पाहत नाही. डिस्कचा प्रत्येक भाग वाचत जाते आणि जेपीईजी किंवा पीडीएफ फाइलीच्या सुरुवातीला असणाऱ्या ठरावीक खुणा शोधते. काल फॉरमॅट केलेल्या, माय कॉम्प्युटरमध्ये पूर्ण रिकाम्या दिसणाऱ्या डिस्कमधून आधार कार्डाच्या प्रती, साखरपुड्याची छायाचित्रे आणि भाडेकरार एकेक करून बाहेर येऊ लागले की समोरची व्यक्ती खुर्ची जवळ ओढून घेते.

ही गोष्ट नवी नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या १५८ हार्ड डिस्क तपासल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू स्थितीत असलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. मोठ्या संस्थांकडूनही हेच घडते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील रोखे बाजार नियामकाने मॉर्गन स्टॅनलीच्या एका शाखेला ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. ग्राहकांची माहिती असलेली उपकरणे मोडीत काढण्याचे काम त्यांनी अशा वाहतूक कंपनीला दिले होते, जिला डेटा नष्ट करण्याचा काहीही अनुभव नव्हता, आणि त्यांतील काही उपकरणे पुढे इंटरनेटवरील लिलावात विकली गेली.

नागपूरकरांना जवळचे वाटेल असे उदाहरण २३ सप्टेंबर २०२३ चे आहे. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरले आणि तळमजल्यावरील घरांतील, दुकानांतील संगणक चिखलात गेले. पुढे साफसफाई करताना ते इतर भंगारासोबत उचलले गेले. “पाण्यात गेलं म्हणजे सगळंच गेलं, भाऊ,” हे वाक्य त्या दिवसांत वारंवार कानावर पडत असे. परंतु पाण्याने सर्किट बोर्ड निकामी होतो. हार्ड डिस्कच्या आतील तबकड्यांवर माहिती साठते आणि त्यांवरील चुंबकीय लेखन पाण्याने पुसले जात नाही. योग्य साधने असलेल्या प्रयोगशाळेत तबकड्या स्वच्छ करून आणि बोर्ड बदलून अशा डिस्क वाचता येतात. बंद पडलेला संगणक रिकामा समजणे हा माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण चालू यंत्राची काळजी घेणारी माणसेही मेलेले यंत्र निर्धास्तपणे देऊन टाकतात.

पुसण्याच्या पद्धतीबाबत मात्र भीती अनावश्यक वाढलेली आहे. संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधामुळे डिस्क पुसण्यासाठी तिच्यावर ३५ वेळा लिहिण्याची प्रथा रूढ झाली. ती ३५ आवर्तने त्या काळातील निरनिराळ्या लेखनपद्धतींच्या डिस्क मिळून विचारात घेतल्यामुळे आली होती आणि आधुनिक डिस्कसाठी त्यांचा काही उपयोग नाही, हे पुढे गटमन यांनी स्वतःच स्पष्ट केले. चालू स्थितीतील आजच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहिली की ते सामान्य कार्यालयासाठी पुरेसे आहे. विंडोजमधील डिस्कपार्ट या साधनाची ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा हेच करते. नुसती ‘क्लीन’ करत नाही, आणि हा एका शब्दाचा फरक ध्यानात ठेवावा. चुकीच्या क्रमांकाची डिस्क निवडली गेली तर चालू डिस्क कायमची रिकामी होईल, म्हणून मी त्या संगणकातील इतर सर्व डिस्कच्या तारा आधी काढून ठेवतो.

हे काम वेळखाऊ आहे. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड ते दोन तास सहज लागतात आणि तेवढा वेळ अखंड लिहिताना ती चांगलीच तापते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जात असताना डिस्क कॅबिनेटमधून बाहेर काढून, लाकडी फळीवर ठेवून, तिच्यावर टेबलपंख्याचा झोत सोडावा लागतो. काम संपल्यावर हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरील कच्चे आकडे जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) डिस्क उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. ओळीमागून ओळ फक्त शून्येच दिसली पाहिजेत.

एसएसडीची, म्हणजे तबकड्यांऐवजी फ्लॅश चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. फ्लॅश चिपमधील प्रत्येक पेशी मर्यादित वेळाच लिहिता येत असल्याने एसएसडीचा कंट्रोलर (तिचे कामकाज चालवणारी चिप) लेखन सर्व पेशींत समान विभागत राहतो. आपण एखाद्या फाइलवर पुन्हा लिहायला सांगितले तरी तो नवी जागा वापरतो आणि जुनी प्रत मागे राहू शकते. शिवाय काही राखीव जागा संगणकाला दिसतच नाही. म्हणून एसएसडीवर वरून लिहून पुसण्याचा हट्ट धरू नये. तिच्या कंट्रोलरलाच पुसण्याची आज्ञा द्यावी. संगणकाला जोडण्याच्या पद्धतीनुसार एसएसडीचे साटा आणि एनव्हीएमई असे प्रकार आहेत; साटा एसएसडीसाठी सिक्युअर इरेज आणि एनव्हीएमई एसएसडीसाठी सॅनिटाइझ किंवा फॉरमॅट या आज्ञा असतात. उत्पादकाच्या साधनातून किंवा लिनक्सच्या एचडीपार्म आणि एनव्हीएमई-सीएलआय या साधनांमधून त्या देता येतात. अनेकदा एचडीपार्म डिस्क ‘फ्रोझन’ असल्याचे, म्हणजे ती पुसण्याची आज्ञा स्वीकारत नसल्याचे, सांगतो. संगणक स्लीपमध्ये टाकून पुन्हा जागा केला की बहुधा ती मोकळी होते. सिक्युअर इरेजआधी डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो आणि मध्येच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने कुलूपबंद राहू शकते. तेव्हा यूपीएसशिवाय हे काम करू नये आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा.

याहून चांगला मार्ग यंत्र नवे असतानाच घेता येतो. पहिल्याच दिवशी विंडोजमधील बिटलॉकर किंवा तत्सम कूटबद्धीकरण (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर साठवणे) सुरू केले, तर यंत्र काढून टाकताना ती किल्ली नष्ट करणे हेच मुख्य काम उरते आणि मागे राहिलेला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये फॅक्टरी रिसेट विश्वासार्ह ठरतो तो याच कारणाने. डिस्क अचानक बंद पडली, तेव्हाही हेच कवच कामी येते.

संगणक सोडून इतर यंत्रांचा विसर पडतो. कार्यालयातील मोठ्या झेरॉक्स यंत्रात बहुधा हार्ड डिस्क असते आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये तर असतेच. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांना पुसण्याची भरवशाची आज्ञा सहसा नसते. त्यांत महत्त्वाचे काही असेल तर ती फोडलेलीच बरी. छपाईच्या दुकानांतील संगणकांबद्दल मला विशेष चिंता वाटते, कारण ग्राहकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली आधार कार्डे आणि गुणपत्रिका तेथील डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षे साचलेल्या असतात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हेतू संपल्यावर वैयक्तिक डेटा पुसण्याचे दायित्व घातले आहे, आणि वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तरीही केवळ दंडाच्या धाकाने हे काम व्हावे असे मला वाटत नाही. रुग्णाने डॉक्टरांवर ठेवलेला विश्वास कायद्याच्या आधीपासून आहे.

पुसण्यापूर्वी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना सरेंडर करावा आणि आउटलुकमधील ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली काढून घ्याव्यात, कारण त्यानंतर परतीचा रस्ता नाही.

चालू डिस्क फोडण्याच्या मी विरोधात आहे. नीट पुसलेला संगणक एखाद्या विद्यार्थ्याच्या अजून काही वर्षे उपयोगी पडतो. मात्र जी डिस्क चालतच नाही आणि म्हणून पुसताही येत नाही, ती फोडावी. लॅपटॉपमधील तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि ठोकताच त्यांचे तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. डेस्कटॉपमधील तबकड्या सहसा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांना ड्रिलने आरपार छिद्रे पाडावी लागतात. एसएसडीत मात्र बोर्डाला पाडलेले एखादे छिद्र चिप चुकवू शकते. प्रत्येक काळी फ्लॅश चिप स्वतंत्रपणे फुटली पाहिजे. चुंबकाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. जाळू तर मुळीच नये, तो धूर विषारी असतो. उरलेला ई-कचरा, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावा, प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील अनुक्रमांक आपण वहीत आधीच टिपलेल्या प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा; केवळ वजन लिहिलेली पावती स्वीकारू नये.