देवगडातून परदेशी ड्रॉइंगची कामं घेताना

मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. मग ठाण्यात एका आर्किटेक्टकडे तीन वर्षं ऑटोकॅड या कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग्ज काढली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते ऑफिस बंद झालं आणि मी देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत परत आले. तेव्हापासून अपवर्कवर, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांची कामं घरबसल्या मिळतात त्या वेबसाइटवर, काम करते. हल्ली आसपासच्या गावांतली मुलं-मुली विचारायला येतात. घरबसल्या डॉलर कमवायचे व्हिडिओ पाहून आलेली असतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते, आकड्यांसकट.

पहिले साडेचार महिने एक रुपया मिळाला नाही. हे आधी सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायला 'कनेक्ट' लागतात, आणि एक कनेक्ट १५ सेंटला पडतो. तेव्हा एका अर्जाला साधारण ६ कनेक्ट जायचे. मी ४१ अर्ज केले. काही कनेक्ट फुकट मिळाले होते, तरी खिशातून २८ डॉलर गेले, म्हणजे तेव्हाचे दोन हजार रुपये. उत्तरं आली तीन. त्यातली दोन नकाराची होती. तिसऱ्याची गोष्ट पुढे सांगते.

चूक माझ्या प्रोफाइलमध्ये होती. ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप, इंटिरियर, एस्टिमेट, शेवटी डेटा एंट्रीसुद्धा. जे जे थोडंफार येत होतं ते सगळं लिहिलं होतं. जास्त लिहिलं की जास्त लोक येतील असं वाटायचं. एका संध्याकाळी अप्पा पडवीत आंब्याच्या पेट्या भरत होते आणि मी शेजारी बसून त्यांना ती यादी वाचून दाखवली. हातातला आंबा खाली न ठेवता ते म्हणाले, "सगळो माल एकाच पेटयेत भरल्यार दर कसो गावतलो? चार डझनी येगळी, सहा डझनी येगळी."

त्या रात्री मी प्रोफाइल पुसून एकच काम ठेवलं: जुने, हाताने काढलेले किंवा स्कॅन केलेले नकाशे ऑटोकॅडमध्ये नीट उतरवून देणं. नमुना म्हणून दाखवायला परदेशातलं काही माझ्याकडे नव्हतं, आणि ठाण्याच्या ऑफिसची ड्रॉइंग्ज दाखवणं बरोबर नव्हतं, ती त्यांची. मग टेप घेऊन आमचंच घर मोजलं. खळं, पडवी, लोटा, माजघर, मागचा गोठा. चिऱ्याच्या जाड भिंती, एकही कोपरा काटकोनात नाही. आधी वहीच्या पानावर पेन्सिलने कच्चं काढलं, त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि शेजारी त्याच घराचं स्वच्छ ड्रॉइंग लावलं. डावीकडे कागद, उजवीकडे ड्रॉइंग. या एका चित्राने मला जेवढी कामं आणून दिली तेवढी कुठल्याच सर्टिफिकेटने दिली नाहीत. कुणी काम दिलं नसेल तरी नमुना तयार करता येतो, फक्त तो स्वतः केलेला हवा.

अर्जाची पद्धतही बदलली. गिऱ्हाइकासमोर अर्जांची रांग लागते तेव्हा प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. त्या दोन ओळी 'मी अमुक वर्षांची अनुभवी' यात घालवायच्या नाहीत. मी त्याने जोडलेला नकाशा उघडून बघते आणि थेट त्यातलंच लिहिते: 'तुमच्या दुसऱ्या पानावर जिन्याची रुंदी पुसट आहे, ती ३ फूट धरायची का?' आता तर मशीनकडून लिहून घेतलेले एकसारखे अर्ज ढिगाने पडतात, त्यामुळे नकाशा खरोखर उघडून पाहिलेला माणूस लगेच ओळखू येतो. दिवसाला दहा अर्ज टाकण्यापेक्षा आठवड्याला तीन टाका, पण नीट वाचून.

पैसे मिळालेलं पहिलं काम होतं २५ डॉलरचं. अमेरिकेतला एक माणूस जुनी लाकडी घरं दुरुस्त करून द्यायचा. त्याला एका घराची तीन पानं ऑटोकॅडमध्ये हवी होती. मी दोन रात्री बसले, प्रत्येक माप दोनदा तपासलं आणि पीडीएफ पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की एकही माप जुळत नाही.

माझे हातपाय गार पडले. फाइल उघडली तर मापं सगळी बरोबर. अर्ध्या तासाने लक्षात आलं. त्यांच्याकडे पाव इंचाला एक फूट असं प्रमाण धरतात, म्हणजे १:४८. मी ठाण्याच्या सवयीने १:५० वर प्रिंट काढली होती. ४० फुटांची भिंत कागदावर १० इंच यायला हवी होती, ती ९.६ इंच आली. त्याने आपली पट्टी लावली तर ती ३८ फूट ५ इंचांच्या आसपास दिसली. कागदही चुकला होता. त्यांचा २४ बाय ३६ इंचांचा, माझा ए-वन.

मी सबब सांगितली नाही. चूक काय, कशी झाली आणि किती तासांत दुरुस्त होईल ते लिहिलं, रात्रीत तिन्ही पानं पुन्हा काढली आणि जादा पैसे मागितले नाहीत. त्याने चार तारे दिले आणि 'सुरुवातीला प्रमाणात चूक, पण लगेच सुधारली' असं लिहिलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण सव्वा महिन्याने तोच माणूस दुसरं घर घेऊन आला, आणि आजही त्याची कामं येतात. तेव्हापासून काम हातात घेण्याआधी मी चार गोष्टी लेखी विचारते: कागद कोणता, प्रमाण काय, ऑटोकॅडची कोणती आवृत्ती, आणि लेयरची, म्हणजे ड्रॉइंगमधल्या वेगवेगळ्या थरांची, नावं त्यांची वापरायची का. भिंतींना ए-वॉल, दारांना ए-डोअर अशी त्यांची ठरलेली पद्धत असते. हे विचारलं की गिऱ्हाईक निम्मं निश्चिंत होतं.

आता पैशांचं. त्या २५ डॉलरमधले ५ अपवर्कने घेतले. तेव्हा एका गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के कापायचे, त्यापुढे १० आणि १०,००० नंतर ५. मे २०२३ पासून सरसकट १० टक्के झाले, आणि २०२५ पासून नव्या कामांना शून्य ते १५ टक्क्यांच्या मध्ये कामानुसार दर लागतो. फायवर या अशाच दुसऱ्या साइटवर आजही २० टक्के जातात. बँकेत पैसे काढताना ९९ सेंट गेले. हातात राहिले १९ डॉलर १ सेंट. अप्पांना मी हा हिशेब दाखवला तर ते म्हणाले, "मगे ह्यो पण दलालच. पट्टी धाडता मा?"

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, इथेही येते. वाशीच्या बाजारातून येणाऱ्या आंब्याच्या पट्टीत जशी अडत, हमाली, भाडं वेगवेगळं लिहिलेलं असतं तशीच इथेही प्रत्येक कपात दिसते. म्हणून दर सांगतानाच कपात धरून सांगायची. मला हातात १८ हवे असतील तर मी १८ मागत नाही. आणि पैसा लगेच मिळत नाही हेही धरून चाला. ठरीव रकमेच्या कामात तुम्ही काम सादर केल्यावर गिऱ्हाइकाला तपासायला १४ दिवस असतात. त्याने मंजूर केलं, किंवा तो गप्प राहिला आणि मुदत संपली, तर त्यानंतर आणखी ५ दिवस रक्कम अडकते. तासाच्या कामात आठवडा रविवारी संपतो आणि पैसे त्यानंतर दहाव्या दिवशी, बुधवारी हातात येतात. घरात महिन्याचा हप्ता असेल तर हे गणित आधी मांडा.

आता त्या ४१ अर्जांना आलेलं तिसरं उत्तर. एका माणसाने ६० डॉलरचं काम दिलं आणि 'घाई आहे, तुम्ही सुरू करा, पैसे आज संध्याकाळी भरतो' असं म्हणाला. तिथे पद्धत अशी आहे की गिऱ्हाइकाने रक्कम आधी अपवर्ककडे जमा करायची, मगच काम सुरू करायचं. मी ती जमा झाली का हे न बघता चार दिवस राबले आणि फाइल पाठवली. त्यानंतर तो माणूस मला परत दिसला नाही. रक्कम जमा नव्हती, त्यामुळे दाद मागायला काही हातातच नव्हतं. पहिलं काम मिळतंय या आशेने माणूस किती आंधळा होतो हे मी तेव्हा अनुभवलं, म्हणून कळकळीने सांगते: रक्कम जमा दिसल्याशिवाय एक रेघ ओढू नका.

दुसरा सापळा टेलिग्रामचा. काम मोठं, दर भरपूर, आणि पहिल्याच निरोपात 'टेलिग्रामवर बोलू'. तिथे गेलं की नोंदणीचे पैसे किंवा अनामत मागतात, नाहीतर आधार कार्डाचा फोटो. काम देणारा तुमच्याकडे पैसे मागतो तिथेच थांबायचं. खरं गिऱ्हाईकसुद्धा कधीकधी कमिशन वाचवायला 'थेट पाठवतो' म्हणतं. अपवर्कच्या नियमाप्रमाणे ओळख तिथे झाली असेल तर दोन वर्षं व्यवहार तिथूनच करावा लागतो. नियम मोडला तर खातं बंद होतं, आणि सगळे तारे, सगळी ओळख त्याबरोबर जाते.

कोकणातून हे काम करताना लाईट आणि रेंज हे दोन प्रश्न कायम असतात. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं. आदल्या दिवशी वाऱ्याचा इशारा होता, म्हणून मी तेव्हाच्या गिऱ्हाइकाला लिहून ठेवलं: 'आमच्या किनाऱ्यावर वादळ येतंय, काही दिवस संपर्क तुटेल, अर्धं झालेलं काम सोबत पाठवतेय.' आमच्याकडे सहा दिवस लाईट नव्हती, मोबाइल मुका. अंगणातला फणस आडवा झाला, बागेत झाडांखाली आंब्यांचा सडा. चौथ्या दिवशी भावाच्या मोटारसायकलवरून कणकवलीला मावशीकडे गेले, लॅपटॉप चार्ज केला आणि निरोप बघितले. त्याने फक्त तुम्ही सगळे सुखरूप आहात ना एवढंच विचारलं होतं. आधी कळवलं नसतं तर तेच काम रद्द झालं असतं. आता इन्व्हर्टर आहे, दोन कंपन्यांची सिमं आहेत, आणि घरात रेंज गेली की वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, जाऊन फाइल पाठवते. गणपतीचे पाच दिवस मी काम घेत नाही, आणि हे महिनाभर आधी कळवते. आजवर कुणी नाराज झालं नाही.

वेळेचंही तसंच. अमेरिकेच्या पूर्व भागात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सुरुवातीला मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत निरोपाची वाट बघत बसायचे. आये म्हणायची, "रात्रभर जागान डोळे घालवतलंस." आता साडेसहा ते साडेनऊ एवढाच वेळ बोलायला ठेवला आहे आणि तो प्रोफाइलवर लिहिला आहे.

दर मी तासाला ६ डॉलरपासून सुरू केला. ९ केला तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक सुटलं. आठवडाभर पश्चात्ताप झाला, मग त्या वेळात दोन नवी कामं बसली. दर सगळ्यांचा एकदम वाढवू नका. नव्या माणसाला नवा दर सांगा, जुन्याला पुढच्या कामापासून.

कागदपत्रांत आळस नको. अमेरिकेचा डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म साइटवरच भरावा लागतो. तुम्ही तिथले करदाते नाही हे त्याने कळतं. इथला आयकर मात्र भरायचा असतो, पैसा परदेशातून आला म्हणून तो सुटत नाही. बँकेत आलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवा आणि पहिल्याच वर्षी सीएकडे जा. मी दुसऱ्या वर्षी गेले, आणि जुन्या पावत्या गोळा करायला मला दीड महिना लागला.

गेल्या आठवड्यात कुडाळची एक मुलगी आली, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मी खातं उघडायला लावलं नाही. आधी स्वतःचं घर मोज आणि काढ, असं सांगितलं. मंगळवारी रात्री तिने फाइल पाठवली. भिंती सुरेख आल्या आहेत, फक्त दोन दारांचे पल्ले उलट दिशेला उघडतात. ते दुरुस्त करून ती उद्या पाठवणार आहे.