दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला? आधी लेखी मागा

लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातला मार्खा खोऱ्याचा ट्रेक तसा सुरळीत झाला. डोकेफोड झाली ती निघण्याआधी, सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमाशी. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी गाडीने खार्दुंग ला ('ला' म्हणजे खिंड), तिसऱ्या दिवशी चिलिंगहून चालायला सुरुवात. बदल मागितला की एकच उत्तर: "सगळे असंच करतात, काही होत नाही."

होतं. लेह 3,500 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. दिल्लीहून विमान दीड तासात तिथे नेऊन सोडतं. शरीर लगेच जास्त श्वास घेऊ लागतं, पण त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच श्वासाला लगाम लावतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा लगाम हळूहळू सैल करतात, आणि त्याला काही दिवस लागतात. घाई करून हे उरकत नाही. डायमॉक्स ही गोळी हेच काम थोडं लवकर करून घेते. साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका.

कंपनीचा पुढचा मुद्दा, "झोपायला परत लेहलाच येतो ना!" उंच चढून खाली झोपणं चांगलंच, पण थोडं रुळलेल्या शरीरासाठी. दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या वर नेलं तर डोकेदुखी लेहची की खिंडीची, हेही कळत नाही. फुफ्फुसात पाणी साठण्याचा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत डोकं वर काढतो. त्यांच्या कार्यक्रमात त्यातली एखादी रात्र गाडीरस्ता सोडून खोऱ्यात गेली असती. शिवाय "त्रास झाला तर खाली आणू" हे लेहमध्ये बोलायला सोपं आहे. मनालीच्या रस्त्यावर तांगलांग ला, कारगिलच्या रस्त्यावर फोटू ला. खूप खाली उतरायचं तर आधी चढावंच लागतं.

शेवटी मी ईमेल केला: हाच कार्यक्रम ठेवायचा तर उंचीच्या त्रासाची जबाबदारी लेखी द्या. अर्ध्या दिवसात नवा कार्यक्रम आला. पहिला दिवस खोलीत, दुसरा लेह बाजारात रमतगमत, तिसरा अलचीला (ते लेहहून खाली आहे), चौथ्या दिवशी ट्रेक. खार्दुंग ला सगळ्यात शेवटी. अजूनही राग येतो, हे सुरुवातीलाच का नाही?

ऑक्सिमीटर न्या, पण थंड बोटावर तो खोटं बोलतो. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर आली तर वर जायचं नाही. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालता आलं नाही, किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी उतरायचं. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. म्हणून ट्रेकमध्ये हांकर गावाहून थेट निमालिंगचा उंच मुक्काम न गाठता मधल्या थाचुंगत्सेला थांबा.

नदी सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत येतं. सँडल घालून, सॅकचा कमरपट्टा सोडून जा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. पाऊस इथे फारच कमी, पण उघड्या डोंगरावर पाणी मुरत नाही. ऑगस्ट 2010 मध्ये लेहमध्ये ढगफुटीने काय झालं ते आठवा. कोंगमारू लाच्या पलीकडची घळ अरुंद आहे, म्हणून खिंड पहाटे निघून सकाळीच ओलांडा आणि आभाळ भरलं असेल तर निमालिंगलाच थांबा. मला विचाराल तर सप्टेंबर उत्तम: पाणी उतरलेलं, आकाश निवळलेलं, फक्त रात्री गोठवणाऱ्या.

हिमबिबट्यासाठी हिवाळ्यात रुंबकला जाणाऱ्यांनी बुखारी (खोली तापवणारी शेगडी) पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नये. फोन आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड घेऊन जा.