तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर बरोबर, तरी मार्क कमी का?

"मॅडम, उत्तर तर बरोबर आलंय, मग पाचपैकी दोनच कामून?"

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बीजगणित शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला प्रत्येक चाचणीनंतर ऐकू येतो. मुलं विचारतात, फी भरायला आलेले वडील विचारतात, स्टाफरूममधले सहकारीही विचारतात. आमचं कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. निम्मा वर्ग रोज एसटीने येतो आणि शेवटचा तास संपला की धावतच स्टँड गाठतो. दारात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मुलांचा राग मला समजतो, कारण त्यांना तसंच तयार केलेलं असतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यांच्यासमोर सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेशपरीक्षा असते. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ दीड तास आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. चार पर्याय समोर असतात. पर्याय समीकरणात घालून बघायचा, जुळला की त्यावर क्लिक करायचं. त्या परीक्षेत हे अगदी योग्य कौशल्य आहे. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये ते इतकं घोटून घेतात की मुलं कागदावर फारसं न लिहिता उत्तरापर्यंत पोचतात. मग तीच मुलं माझ्या वर्गात येतात आणि मी म्हणते, कसं पोचलात ते लिहा. त्यांना वाटतं, खेळाचे नियम मध्येच बदलले. बदललेच आहेत. म्हणून पहिल्याच तासाला गुण कसे देणार ते फळ्यावर लिहिते आणि वहीत उतरवून घ्यायला लावते.

आता एक खरं उदाहरण घेऊ. चाचणीत पाच गुणांचा प्रश्न होता: √(क्ष + ६) = क्ष सोडवा. त्याचे गुण असे: दोन्ही बाजूंचा वर्ग केला, एक. क्ष² − क्ष − ६ = ० असं मांडलं, एक. अवयव पाडले, एक. दोन्ही मुळं लिहिली, एक. ती मुळं मूळ समीकरणात घालून तपासली आणि निष्कर्ष लिहिला, शेवटचा एक.

पहिल्या मुलाने लिहिलं: "क्ष = ३. √९ = ३. जुळलं." उत्तर बरोबर आहे आणि तपासणीही आहे, म्हणून दोन गुण. पण ३ चालतो एवढंच त्याने दाखवलं. ३ सोडून दुसरं कुणी चालत नाही, हे त्याच्या कागदावर कुठेच नाही. "सोडवा" या प्रश्नात या दोन्ही गोष्टी विचारलेल्या असतात. सीईटीत दुसरी गोष्ट पेपर काढणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते, चार पर्यायांपैकी एकच बरोबर अशी हमी त्याने दिलेली असते. उघड्या कागदावर ती हमी तुम्हाला द्यावी लागते.

दुसऱ्या मुलीने वर्ग केला, (क्ष − ३)(क्ष + २) = ० असे अवयव पाडले आणि उत्तर लिहिलं ३ आणि −२. तिला चार. −२ घालून बघितलं असतं तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२ आलं असतं, ते जुळत नाही. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं: २ चा वर्ग ४, −२ चा वर्गही ४. म्हणून वर्ग केल्यानंतर एखादं खोटं मूळ आत शिरू शकतं आणि ते तपासल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. तिचा गुण गेला तो या एका कारणासाठी.

तिसऱ्या मुलाकडे लक्ष द्या, वाद त्याच्यावरूनच होतो. त्याने वर्ग बरोबर केला, समीकरण बरोबर मांडलं आणि अवयव पाडताना चिन्हं उलटी झाली: (क्ष + ३)(क्ष − २). मुळं आली −३ आणि २. त्याने दोन्ही घालून पाहिली, दोन्ही जुळली नाहीत, आणि त्याने लिहिलं, "या समीकरणाला उकल नाही." उत्तर सपशेल चूक. मी त्याला चार दिले. चूक झाली ती एका पायरीवर, तिथला गुण कापला. पुढच्या पायऱ्या त्याने हातात जे होतं त्यावर प्रामाणिकपणे आणि बरोबर केल्या. एकाच चुकीसाठी तीन ठिकाणी मारणं मला मान्य नाही.

म्हणजे चुकीच्या उत्तराला चार आणि बरोबर उत्तराला दोन. हे ऐकून पालक माझ्याकडे बघत राहतात. पण जो नियम एकाचे तीन गुण घेतो, तोच दुसऱ्याला चार देतो. नुसतं उत्तर पाहायचं ठरवलं तर तिसऱ्या मुलाला शून्य जाईल. आणि माझ्या वर्गात पहिल्या मुलापेक्षा तिसऱ्यासारखी मुलंच जास्त आहेत: दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तक, घरी अभ्यास विचारणारं कुणी नाही, चिन्हात आणि गुणाकारात हमखास अडखळणारी. पायरीला गुण नसते तर त्यांना वर्गात टिकायला जागाच उरली नसती.

बरोबर उत्तरावर भरवसा का ठेवू नये, याची दोन उदाहरणं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. १६/६४ मधले वरचे-खालचे ६ खोडा, १/४ उरतं आणि ते बरोबर आहे! आता १३/३६ मधले ३ खोडा, १/६ उरेल आणि ते साफ चूक. पद्धत एकच, एकदा नशिबाने जमली. दुसरं उदाहरण क्ष² = ५क्ष. वर्गातली निम्मी मुलं दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष = ५ लिहितात. शून्य हरवलं. भागताना क्ष शून्य नाही असं आपण मनातल्या मनात धरलं, पण ते लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून दिसलंही नाही. पायऱ्या लिहायला लावते ती माझ्या सोयीसाठी नव्हे. कागदावर असलेली चूक मुलाला स्वतःला सापडू शकते. पासबुकात नोंदी असल्या तरच शिल्लक कुठे चुकली ते कळतं.

कारणं इंग्रजीतच लिहावीत असा माझ्या चाचण्यांपुरता आग्रह नाही. "क्ष शून्य नाही म्हणून भाग दिला" हे मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण मिळतात.

दुसरा प्रश्न इंटर्नलचा, म्हणजे अंतर्गत गुणांचा, आणि तो बहुधा खालच्या आवाजात येतो: "मॅडम, लेकराचं तेवढं बघा. वीसपैकी अठरा तर सगळेच देतात." यावर माझं मत ठाम आहे. आमच्याकडे सध्या २० गुण अंतर्गत आणि ८० लेखी अशी विभागणी आहे. (ही विभागणी विद्यापीठाप्रमाणे आणि अभ्यासक्रमाप्रमाणे बदलते.) अंतर्गत गुण सगळ्यांना सरसकट अठरा वाटले तर त्या गुणांतून कुणालाच काही कळत नाही. ऑक्टोबरमध्ये अठरा दिसलेला मुलगा निर्धास्त राहतो, आणि लेखीत ८० पैकी २२ पडल्यावर त्याला पहिल्यांदा समजतं की आपल्याला अवयव पाडताच येत नाहीत. ते समजायला हवं होतं ऑगस्टमध्ये, सुधारायला वेळ असताना. मायेने वाटलेले गुण त्या लेकराची दोन महिन्यांची संधी हिरावून घेतात. एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, फॉर्म भरायला तो एकटाच रांगेत उभा असतो, गुण वाटणारे तिथे नसतात.

माझे वीस गुण असे ठरतात: सेमिस्टरला तीन चाचण्या, प्रत्येक २० गुणांची, त्यातल्या चांगल्या दोनची सरासरी. बस. वहीला गुण नाहीत. वह्या मी तपासते, लाल पेनाने शेरे लिहिते, पण गुण देत नाही. वहीला गुण ठेवले की वर्गात एकच वही तयार होते आणि ती तीस जणांच्या हस्ताक्षरात माझ्यापर्यंत येते. गुण नाहीत म्हटल्यावर मुलं चुका असलेली, खोडाखोड केलेली खरी वही आणतात. मला तीच हवी असते.

एकत्र बसून गणितं सोडवायला पूर्ण परवानगी आहे. आमच्या पद्धतीत ग्रेड स्वतःच्या गुणांवर ठरते, वर्गात कितवा आला यावर नाही. शेजारणीला वर्गसमीकरण समजावून दिलं म्हणून कुणाची ग्रेड खाली येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मेरिटच्या चढाओढीतून आलेल्या मुलांच्या मनात वही लपवायची सवय खोल बसलेली असते.

"आता मला किती पाडावे लागतील?" असं कुणी विचारलं की मी आकडा सांगत नाही, असमानता मांडायला लावते. पहिल्या चाचणीत ९, दुसरीत १४. सरासरी किमान १५ हवी. तिसऱ्या चाचणीचे गुण त मानले तर (१४ + त)/२ ≥ १५, म्हणून त ≥ १६. ९ सगळ्यात कमी, म्हणून ते वगळले जातात. स्वतःच्या गुणांवरची असमानता मुलं पुस्तकातल्या कुठल्याही असमानतेपेक्षा मन लावून सोडवतात.

तीनपैकी दोन यामागे आणखी एक कारण आहे. आमचं पहिलं सेमिस्टर ऐन सोयाबीनच्या काढणीत येतं. त्या आठवड्यांत पोरं रानात असतात, त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास काही घरांतली मोठी माणसं ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावंडांचं सगळं मोठ्या मुलीवर पडतं. अशा दिवसांत एखादी चाचणी बुडाली तर तीच वगळली जाते. वेगळा अर्ज नको, दाखला नको, कुणासमोर घरची अडचण सांगत उभं राहणं नको. मात्र ७५ टक्के हजेरी मी सोडत नाही. पेपर चार क्रेडिटचा, एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे ६० तास शिकवणं. ७५ टक्के म्हणजे ४५. पंधरा तासांची सवलत आधीच दिलेली आहे, आणि तेवढे तास म्हणजे पेपरचा एक पूर्ण क्रेडिट आहे.

"एका विषयाने काय होतं?" असंही विचारतात. हिशोब करून बघा. सेमिस्टर २२ क्रेडिटचं, बाकीच्या १८ क्रेडिटला सरासरी ७ ग्रेड पॉइंट. बीजगणितात कसंबसं पास होऊन ४ पॉइंट मिळाले तर सेमिस्टरची सरासरी (४×४ + १८×७) ÷ २२, म्हणजे ६.४५. तिथेच ८ पॉइंट मिळाले तर ७.१८. एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत एवढ्या फरकाने नाव आत किंवा बाहेर जाऊ शकतं.

चाचणीचे पेपर मी आठ दिवसांत हातात देते. हरकत असेल तर कुठल्या पायरीवर आहे ते बोट ठेवून दाखवा, मी पुन्हा वाचते. वेगळ्या वाटेने सोडवलं म्हणून गुण जात नाहीत. वर दिलेलं तेच समीकरण गेल्या सेमिस्टरला एका मुलीने वर्ग न करता सोडवलं. तिने √(क्ष + ६) चा वक्र आणि क्ष ची रेषा एकाच आलेखावर काढली. क्ष ऋण असताना वर्गमूळ ऋण होत नाही, म्हणून त्या बाजूला छेद नाही. शून्यापाशी वक्र रेषेच्या वर आहे, ३ ला दोघं भेटतात, आणि पुढे रेषा भराभर चढते व वक्र मंदावतो, म्हणून पुन्हा भेट नाही. हे सगळं तिने तीन ओळींत मराठीत लिहिलं होतं. तिला पाचपैकी पाच दिले.