खानापूरचा पाऊस आणि गॉर्मेनगास्ट

जुलैत खानापुरात पाऊस धरला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तशातच मी मर्विन पीक या इंग्रज लेखकाची ‘टायटस ग्रोन’ वाचायला घेतली. कादंबरी १९४६ ची, इंग्रजी जड, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पहिली पन्नास पानं वाचायला मला नऊ रात्री लागल्या.

घडत काहीच नाही असं वाटतं. सुरुवातीला टायटस जन्मतो आणि एवढं जाड पुस्तक संपतं तेव्हा तो जेमतेम वर्षाचा झालेला असतो. पण टायटसच्या घराण्याचा तो गॉर्मेनगास्ट नावाचा अवाढव्य किल्ला! फ्ले नावाच्या नोकराचे गुडघे पावलागणिक कडकड वाजतात. आधी मी तिकडे लक्षच दिलं नाही. पुढे अंधाऱ्या बोळात तोच आवाज आला आणि छातीत धस्स झालं.

आई तांदूळ निवडता निवडता विचारायची, “अजून तेच वाचायलास काय रे?” मी तिला सरदारीणबाईंच्या, म्हणजे टायटसच्या आईच्या, पांढऱ्या मांजरांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “मांजरांचं काय झालं पुढं?” तेव्हापासून रोज जेवणानंतर तिला मराठीत सांगत गेलो. सांगताना मलाच वाक्यं उलगडायला लागली.

परवा बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जुन्या जैन मंदिरात गेलो होतो. छतातल्या दगडी कमळाखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. दगडाला ओला वास होता, अगदी माझ्या पुस्तकाच्या सर्दावलेल्या पानांसारखा.

दुसरा भाग, १९५० चा, मागवलाय. आई रोज विचारते, आला काय म्हणून.