तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टीत रणभूमी कशाला?

“इटलीला जाऊन दफनभूमी कसल्या बघता?” घरचे विचारतात, ऑफिसातलेही विचारतात.

तिथं आपली माणसं आहेत, म्हणून जाते.

रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या गाडीनं दोनेक तासांत कासिनो येतं. मान वर केली की डोंगरमाथ्यावरचा मठ दिसतो. रोमचा रस्ता याच डोंगराखालून जातो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या जानेवारी ते मे या काळात, दोस्त राष्ट्रं आणि जर्मन यांच्यात इथं चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीच्या दोस्तांच्या बॉम्बफेकीत मठ जमीनदोस्त झाला, आणि त्या ढिगाऱ्याच्याच आडोशानं जर्मन पक्के ठाण मांडून बसले. आजचा मठ नंतर बांधलेला. दोस्तांच्या बाजूनं चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान ऐन हिवाळ्यात या उतारांवर झुंजत होते. पुस्तकात ‘चढाई’ हा एक शब्द असतो. तो खडा चढ चालताना आपल्याला रिकाम्या हातांनीही धाप लागते, आणि वरून कुणी गोळ्या झाडत नसतं.

गावाबाहेरच्या राष्ट्रकुल दफनभूमीत (ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातल्या देशांच्या सैनिकांची), इटलीभरच्या लढायांत गेलेल्या पण ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे आहेत. रायगडमधल्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ला, इथून बऱ्याच उत्तरेला तिबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेडनं गन बंद पाडली, बंदूक पुन्हा भरायला वेळ नव्हता तेव्हा तिच्याच दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावानं २०२३मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सौरघड्याळ उभारलं. परक्या गावानं ही आठवण ठेवली, याचं मला फार अप्रूप आहे.

जवळच काइराला जर्मन दफनभूमी आहे, वीस हजारांहून अधिक सैनिकांची. तिथंही जाते. तीही कुणाची तरी पोरंच. शौर्याच्या गोष्टी ऐकून तेवढ्यावर परतणं मला पटत नाही.

तुमच्या घरातलं कुणी तेव्हा पलटणीत होतं आणि परतलं नाही? राष्ट्रकुलाच्या युद्धदफनभूमी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर नाव शोधा. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे घालून बघा, कारण कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलेलं असू शकतं. स्मारक सापडलं, तर पुढच्या सहलीत एक दिवस तिथं जा.