बॉम्ब काढला, अपघात घातला

रविवार, रात्री उशिरा

हाँगकाँगचा दिग्दर्शक त्सुई हार्कचा 'डेंजरस एन्काउंटर्स ऑफ द फर्स्ट काइंड' अखेर मूळ रूपात बघून झाला. १९८०चा, त्याचा तिसराच सिनेमा. डोकं अजून भणभणतंय.

हाँगकाँगमधली तीन पोरं, चांगल्या पांढरपेशा घरातली. घरीच बॉम्ब बनवतात आणि थिएटरात नेऊन फोडतात. का, ते सिनेमा सांगत नाही. वान-चू नावाची मुलगी हे बघते आणि पोलिसांत जाण्याची धमकी देत तिघांनाही आपल्या मागे फरफटत नेते. तिचा थोरला भाऊच पोलिसात आहे (लो लिए, काय दमदार काम!). पण सिनेमा आहे वान-चू झालेल्या लिन चेन-चीचा. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदराच्या डोक्यात ती सुई खुपसते तो शॉट मला बघवला नाही. जनावराशी असं वागायची काहीही गरज नव्हती, हे माझं ठाम मत.

पुढे ही पोरं अमेरिकन शस्त्रतस्करांच्या पैशांना हात लावतात आणि मग सुटका नाही.

वसाहतीच्या ब्रिटिश सरकारच्या सेन्सॉरनं हा सिनेमा अडवला होता. १९६७च्या दंगलीत हाँगकाँगच्या रस्त्यांवर खरोखरच घरगुती बॉम्ब फुटले होते, ५१ जणांचा जीव गेला होता. तिथली पोरं पडद्यावर पुन्हा बॉम्ब बनवताना दिसणं सरकारच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. म्हणून काही भाग नव्यानं चित्रित झाला. त्या बदललेल्या सिनेमात बॉम्बऐवजी पोरांच्या गाडीखाली एक माणूस येतो, ती पळून जातात आणि वान-चू ते बघते. पुढची गोष्ट बरीचशी तीच.

मला याचाच संताप येतो. अपघात करून पळालेली पोरं घाबरलेली असतात, त्यांची कीव करून प्रेक्षक मोकळा होतो. बॉम्ब ठेवणारी पोरं मात्र ठरवून करतात. सुखवस्तू घरातल्या पोरांच्या पोटात एवढा जाळ कुठून आला, हा प्रश्न मग टाळता येत नाही. सेन्सॉरनं नेमका तोच प्रश्न उपटून काढला.

काढलेली दृश्यं पुढे एका व्हीएचएस टेपवरून परत जोडली गेली. त्यामुळे मधेच चित्र फिकं, खरखरीत होतं. थिएटरातल्या बॉम्बच्या वेळीही तसंच झालं आणि मी आणखी पुढे सरकून बघायला लागलो. डोंगरउतारावरच्या दफनभूमीतली शेवटची चकमक उद्या पुन्हा बघणार आहे. थडग्यांच्या त्या दाटीत कॅमेरा कुठे कुठे ठेवलाय, ते नीट बघायचंय.